मेजर प्लागेच्या हजेरीपटावरची माणसं

कार्ल प्लागे हा जर्मन सैन्यातला मेजर. त्याच्या ताब्यात होती लष्करी मोटारींच्या दुरुस्तीची एक तुकडी, एच.के.पी. ५६२. जुलै १९४१ मध्ये ही तुकडी लिथुएनियातल्या विल्नियस शहरात येऊन पोचली आणि तीन वर्षं तिथंच राहिली. या तीन वर्षांत त्या शहरातले बहुतेक सगळे ज्यू मारले गेले. जे थोडे वाचले त्यांतले सुमारे अडीचशे जण या मोटारखात्याच्या छावणीतले होते.

ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या गोष्टी वाचताना आपल्या डोळ्यांसमोर माळा, तळघर, खोट्या भिंती येतात. त्या खऱ्याच आहेत, आणि याही हकिकतीत पुढे येतील. पण गणवेशातल्या माणसापाशी वेगळी साधनं होती: परवान्यांचा गठ्ठा, शिक्का, कामगारांचा हजेरीपट, चार-दोन ट्रक आणि वरिष्ठांना पत्र लिहिण्याचा अधिकार. प्लागेनं जे केलं ते याच साधनांनी केलं. त्यामुळे ते किती चाललं आणि कुठं तुटलं, हे फार नेमकेपणानं पाहता येतं.

आधी त्या शहराबद्दल. युद्धापूर्वी विल्नियसमध्ये साठ हजारांच्या आसपास ज्यू होते. जर्मन फौजा २४ जून १९४१ ला शहरात शिरल्या आणि काही आठवड्यांतच शहराबाहेरच्या पोनारीच्या जंगलात गोळीबार सुरू झाला. तिथं सोव्हिएत सैन्यानं इंधनाच्या टाक्यांसाठी मोठे गोल खड्डे खणून ठेवले होते. ते आयतेच हाती लागले. लोकांना तिथं पायी नाहीतर ट्रकनं नेत आणि खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घालत. युद्ध संपेपर्यंत त्या जागी सुमारे सत्तर हजार ज्यू मारले गेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला उरलेल्यांना दोन घेट्टोंमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या बंदिस्त वस्त्यांमध्ये, कोंबलं, आणि त्यातला छोटा घेट्टो ऑक्टोबरपर्यंत रिकामाही झाला.

या सगळ्या हत्याकांडात जर्मनांची एक अडचण होती. शहरातले कारागीर बहुतांशी ज्यू होते, आणि पूर्व आघाडीला कारागीर हवे होते. म्हणून ऑक्टोबर १९४१ मध्ये पिवळ्या रंगाचे कामाचे परवाने निघाले. एकूण ३,०००. एका परवान्यावर चार माणसं राहू शकत: स्वतः कामगार, त्याची बायको आणि सोळा वर्षांखालची दोन मुलं. म्हणजे सगळे मिळून बारा हजार. ज्याच्याकडे पिवळा कागद नाही तो पोनारीला.

हा हिशेब नीट डोळ्यांसमोर आणावा. परवान्यात आईवडील बसत नव्हते. तिसरं मूल बसत नव्हतं. सतरा वर्षांचा मुलगा बसत नव्हता. त्यामुळे त्या दिवसांत घेट्टोत खोटी कुटुंबं उभी राहिली. अविवाहित कामगारानं कुणा अनोळखी बाईला बायको म्हणून नोंदवलं, शेजाऱ्याच्या मुलांना आपलं नाव दिलं. कुणी स्वतःच्या आईला बायको म्हणून दाखवलं. एका जादा परवान्याचा अर्थ चार जीव, म्हणून परवाने वाटणाऱ्या माणसाच्या टेबलावर काय चालतं याला एवढं महत्त्व.

प्लागेच्या तुकडीच्या वाट्याला या परवान्यांपैकी सुमारे अडीचशे आले. त्यानं ते कुणाला दिले, हे पाहण्यासारखं आहे. मोटारदुरुस्तीला लागतात फिटर, वेल्डर, लेथवर काम करणारे, बॅटरी आणि विजेच्या जोडणीचे जाणकार, रंगारी, गाद्या शिवणारे. असे लोक त्याच्याकडे होतेच. पण त्याच्या यादीत न्हावीही होते, शिंपी, चांभार, स्वयंपाकी होते. ज्यांनी जन्मात कधी पाना धरला नव्हता ते कागदावर मोटारीचे तज्ज्ञ कारागीर झाले. वर विचारणा झाली की उत्तर तयार असे: हे लोक गेले तर गाड्या आघाडीवर परत जाणार नाहीत. हे उत्तर पूर्ण खोटं नव्हतं, म्हणूनच ते टिकलं. हिवाळ्यात गोठलेल्या आणि वसंतात चिखलात रुतलेल्या गाड्यांचे ढीग मागं येत होते, आणि गाडी दुरुस्त करायला माणूस लागतोच. गरज खरी आणि तिचा आकडा फुगवलेला. माझ्या मते प्लागेची सगळी कामगिरी या दोहोंच्या मधल्या जागेत झाली.

हा माणूस होता तरी कोण? जन्म १० जुलै १८९७, डार्मश्टाट. पहिल्या महायुद्धात लढला, ब्रिटिशांच्या कैदेत असताना पोलिओ झाला आणि एक पाय कायमचा अधू राहिला. १९२४ मध्ये डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठातून इंजिनिअर झाला. आणि १९३१ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्याही आधी. हे मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण प्लागेवर लिहिताना ही ओळ घाईत उरकण्याचा मोह होतो. देशाची घसरलेली अर्थव्यवस्था सावरेल अशा आशेनं तो पक्षात गेला. पक्षानं त्याला वंशसिद्धान्त शिकवायला सांगितला तेव्हा त्यानं नकार दिला, आणि त्याचं पक्षातलं शिक्षकाचं पद गेलं. पुढे ज्या कारखान्यात तो काम करत होता त्याच्या मालकाची बायको नाझी कायद्यानुसार अर्धी ज्यू होती. १९३८ मध्ये प्लागे त्यांच्या मुलाचा धर्मपिता झाला. त्या साली हे करणं पक्षाच्या माणसाला शोभणारं नव्हतं. १९३९ मध्ये सैन्यात बोलावणं आलं तेव्हा त्यानं पक्षाची वर्गणी बंद केली.

विल्नियसमध्ये त्यानं आपल्या हाताखालच्यांना सक्त ताकीद दिली होती की कामगारांना मारहाण करायची नाही. जेवण गरम आणि पुरेसं मिळेल याची तो व्यवस्था पाही. बाहेरच्या पोलिश लोकांशी कामगारांची चोरटी देवघेव चाले, तिच्याकडे त्याची माणसं काणाडोळा करत. घेट्टोतल्या अधिकृत शिध्यावर कुणी फार दिवस काढू शकत नव्हतं, त्यामुळे हा काणाडोळा म्हणजे घरच्यांच्या तोंडचा घास. तुकडीत शेकडो जर्मन होते. त्यातल्या एकानंही वर कळवलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. कुणी कळवलं नाही. त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, पण ते गप्प राहिले म्हणून मेजरला काही करता आलं.

त्याच शहरात दुसरा एक सैनिक होता, फेल्डवेबेल (सार्जंट) आन्तोन श्मिड. व्हिएन्नाचा, पेशानं इलेक्ट्रिशियन, तिथं त्याचं रेडिओचं दुकान होतं. विल्नियसच्या रेल्वे स्टेशनाजवळ चुकल्यामाकल्या सैनिकांना गोळा करून त्यांच्या तुकड्यांकडे परत पाठवायचं ठाणं त्याच्याकडे होतं. त्यानंही ज्यू कामगार ठेवले, परवाने काढले. पण तो एवढ्यावर थांबला नाही. लष्करी ट्रकमध्ये माणसं भरून तो त्यांना लिडा, ग्रोद्नो, बियालिस्टोक या त्या वेळी जरा शांत असलेल्या गावांकडे पोचवू लागला. सुमारे तीनशे लोक त्यानं असे बाहेर काढले, घेट्टोतल्या भूमिगत चळवळीच्या माणसांना स्वतःच्या घरी आसरा दिला. जानेवारी १९४२ मध्ये त्याला अटक झाली, फेब्रुवारीत लष्करी न्यायालयानं शिक्षा सुनावली आणि १३ एप्रिल १९४२ ला त्याला गोळ्या घातल्या. बायकोला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्यानं म्हटलं आहे की आपण फक्त माणूस म्हणून वागलो, कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं.

श्मिडचं धाडस मोठं होतं यात वादच नाही. प्लागेचा मार्ग निराळा होता. त्यानं नियम उघडपणे मोडला नाही; नियमाच्या पोटात माणसं बसवली. याचा फायदा असा की तीन वर्षं त्याच्यावर कारवाई झाली नाही. तोटाही त्यातच होता: नियम बदलला की सगळं उघडं पडणार, आणि नियम बदलणं त्याच्या हातात नव्हतं.

१९४३ च्या उन्हाळ्यात नियम बदलला. नाझींच्या एस.एस. या सशस्त्र संघटनेचा प्रमुख हिमलर यानं घेट्टो मोडीत काढायचा हुकूम दिला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विल्नियसमधून हजारो लोक एस्टोनियाच्या छावण्यांत रवाना झाले. त्यात प्लागेचेही काही कामगार सापडले, त्यांना सोडवायची त्याची खटपट फसली. घेट्टोच नाही म्हटल्यावर घेट्टोत राहणाऱ्या कामगारांचा परवाना कशाला? तेव्हा त्यानं वरच्या कचेऱ्यांत जाऊन, भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली: मोटारखात्यासाठी स्वतंत्र कामगार छावणी. जागा होती सुबाचियस रस्त्यावरच्या दोन मोठ्या बहुमजली इमारती. या इमारती मुळात दानशूर ज्यू धनिक बॅरन हिर्श यांच्या निधीतून गरीब ज्यूंसाठी बांधलेली स्वस्त घरं होती. १६ सप्टेंबरला ट्रकच्या खेपा करून हजारावर माणसं घेट्टोतून तिथं हलवली. २३ सप्टेंबरला घेट्टो रिकामा करायला सुरुवात झाली. मधे फक्त एक आठवडा होता. त्यानंतरही काही जण चोरून आत आले आणि छावणीची संख्या सुमारे साडेबाराशेवर गेली.

या छावणीबद्दलची एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. एस.एस.ला फक्त कामाचे पुरुष हवे होते. बायका-मुलं म्हणजे त्यांच्या भाषेत निकामी तोंडं. प्लागेनं युक्तिवाद केला की कुटुंबं तोडली तर कामगारांचं मन कामात लागणार नाही आणि उत्पादन पडेल. युक्तिवाद मान्य झाला. पण बायका रिकाम्या बसलेल्या दिसल्या तर तो फार दिवस टिकणार नव्हता, म्हणून त्यानं छावणीतच लष्करी कपड्यांच्या दुरुस्तीचे कारखाने काढले. शिलाईमशिनं आली, फाटके गणवेश आले, बायका आणि मोठी मुलं मशिनवर बसली. आता त्यांचीही नावं हजेरीपटावर चढली. मोटारखात्याला शिवणकामाची काय गरज, असा प्रश्न कुणीही विचारू शकलं असतं. पण फाटलेले कोट समोर दिसत होते आणि ते शिवले जात होते.

मात्र ही छावणी पूर्ण त्याच्या हातात कधीच नव्हती. कारखाने लष्कराचे, पण कुंपण, पहारा आणि कैद्यांवरचा अंतिम हक्क एस.एस.चा. म्हणून जे जे वाईट झालं ते याच फटीतून आत आलं. छावणीतून निसटू पाहणारं एक कुटुंब, नवरा, बायको आणि मूल, पकडलं गेलं तेव्हा गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना छावणीच्या अंगणात सगळ्यांसमोर ठार मारलं. तिथं मेजरच्या शब्दाला किंमत नव्हती.

आणि २७ मार्च १९४४. त्या दिवशी प्लागे रजेवर जर्मनीत होता. एस.एस.ची माणसं आली आणि त्यांनी छावणीतली मुलं गोळा केली. सुमारे अडीचशे मुलं त्या दिवशी नेली. आईबापांनी काहींना पलंगाखाली, कपाटांमागं, कपड्यांच्या ढिगात लपवलं, ती तेवढी वाचली. पण वाचलेल्या मुलाचं पुढे काय? हजेरीपटावर आता मुलं नव्हतीच. दिसलं की संपलं. पुढे चित्रकार म्हणून जगभर नाव झालेला सॅम्युएल बाक तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी त्याला लाकडाच्या भुशाच्या पोत्यात घातलं, पोतं खांद्यावर टाकून कामाच्या जागेपर्यंत नेलं आणि खिडकीतून बाहेर सोडलं. बाहेर मदतीला माणूस उभा होता. पोरगा आईसह एका मठात लपून वाचला. वडील छावणीतच राहिले आणि जुलैत पोनारीला मारले गेले.

प्लागे त्या दिवशी हजर असता तर मुलं वाचली असती का? मला तसं वाटत नाही. कुंपणाची किल्ली एस.एस.कडे होती. तो फार तर वाद घालू शकला असता. पण तो नव्हता, आणि हे त्याच्या मनाला लागून राहिलं असणार.

जूनच्या अखेरीस सोव्हिएत फौजा बेलारूसमधून झपाट्यानं पुढे सरकत होत्या. तोफांचे आवाज विल्नियसपर्यंत येऊ लागले. छावणीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की जर्मन माघार घेण्याआधी कैद्यांना मारतात. म्हणून कित्येक आठवडे आधीपासून लपायच्या जागा तयार होत होत्या. विल्नियसचे ज्यू त्यांना मालिना म्हणत. तळघराच्या शेवटाला दुसरी भिंत उभी करायची आणि मधे हातभर रुंदीची पोकळी ठेवायची. माळ्यावर छताच्या उतारामागं फळ्या ठोकायच्या. जमिनीखाली खणायचं, आणि निघालेली माती कुणाला दिसणार नाही अशी थोडीथोडी पांगवायची. आत जायची वाट अशी हवी की शेवटच्या माणसाला ती आतून बंद करता यावी. कारखान्यातली हत्यारं, लाकूड, सिमेंट यातलं काय काय गायब होत होतं, हे मोटारखात्याच्या लोकांना दिसत नसेल असं मानणं कठीण आहे.

अडचण फक्त एकच: वेळ. आधीच लपून बसलं तर हजेरीत माणूस कमी भरतो आणि शोध सुरू होतो. उशीर झाला तर दारात ट्रक उभा. नेमका दिवस कळणं म्हणजे जीव.

१ जुलै १९४४, शनिवार. प्लागेनं छावणीतल्या लोकांना एकत्र बोलावलं. शेजारी एस.एस.चा अधिकारी उभा होता, म्हणजे एक शब्द वावगा गेला तर थेट देशद्रोह. प्लागे म्हणाला ते साधारण असं: आघाडी जवळ आल्यामुळे आमची तुकडी पश्चिमेला हलते आहे. तुम्हाला मात्र आमच्याबरोबर नेता येणार नाही. सोमवारी, ३ जुलैला, तुम्हाला इथून हलवलं जाईल आणि प्रवासात तुमची जबाबदारी एस.एस. घेईल; ही संघटना निर्वासितांचं रक्षण करते हे तुम्ही जाणताच, तेव्हा काळजीचं कारण नाही.

ऐकणाऱ्या प्रत्येकाला एस.एस. म्हणजे काय हे तीन वर्षांत कळून चुकलं होतं. शेजारच्या अधिकाऱ्याला मात्र या भाषणात आक्षेप घ्यावा असं काहीच सापडलं नाही. दिवस कळला, कोण नेणार ते कळलं, आणि लष्कराचा आडोसा संपला हेही कळलं.

मग धावपळ सुरू झाली. त्या रात्री काही जणांनी खिडकीतून उड्या टाकून कुंपण ओलांडलं. बाकीचे मालिनांत शिरले. सोमवारी हजेरी झाली तेव्हा उरलेल्या हजार जणांपैकी अर्धेच अंगणात होते. त्या पाचशेंना पोनारीला नेऊन मारलं. हे पाचशे का लपले नाहीत असं कुणी विचारू नये. तीस जणांसाठी केलेल्या पोकळीत शंभर माणसं शिरली तर हवा पुरत नाही. तान्हं मूल रडलं तर सगळे सापडतात. म्हातारा माणूस दोन-तीन दिवस उभ्यानं काढू शकत नाही. जागा मोजकी होती, आणि कुणाला आत घ्यायचं हे आतल्यांनाच ठरवावं लागलं.

पुढचे दिवस एस.एस.नं इमारती धुंडाळल्या. सुमारे दोनशे जण सापडले, त्यांना अंगणातच गोळ्या घातल्या. १३ जुलैला शहर सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात आलं तेव्हा सुमारे अडीचशे माणसं जिवंत बाहेर पडली. साडेबाराशेंतले अडीचशे, म्हणजे पाचातला एक. आकडा लहान वाटेल. पण लिथुएनियातल्या ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले, आणि विल्नियसमध्ये एकत्र वाचलेला एवढा मोठा गट दुसरा नव्हता.

युद्ध संपल्यावर प्लागे डार्मश्टाटला परतला. १९४७ मध्ये जुना पक्षसदस्य म्हणून त्याच्यावर नाझीनिर्मूलन न्यायालयात खटला चालला. बातमी कशीबशी निर्वासितांच्या छावणीत राहणाऱ्या, सुबाचियस रस्त्यावरून वाचलेल्या लोकांपर्यंत पोचली. त्यांनी आपणहून माणूस पाठवला, आणि त्यानं न्यायालयात प्लागेच्या बाजूनं साक्ष दिली. त्याला पूर्ण निर्दोष ठरवता आलं असतं. पण त्यानं स्वतःच मागून घेतलं की आपली नोंद ‘सहप्रवासी’ या वर्गात व्हावी, म्हणजे राजवटीबरोबर चाललेल्यांत. पक्ष मोठा झाला तेव्हा आपण त्यात होतो ही जबाबदारी त्याला टाळायची नव्हती, आणि आपण पुरेसं केलं असंही तो मानत नव्हता. १९ जून १९५७ ला तो वारला. तोपर्यंत त्याची कहाणी जवळजवळ कुणाला ठाऊक नव्हती.

ती बाहेर यायला आणखी चाळीस वर्षं लागली, आणि त्याचं कारणही कागदी आहे. वाचलेल्या लोकांना आपला तारणहार फक्त ‘मेजर प्लागे’ म्हणून ठाऊक होता. पहिलं नाव नाही, गाव नाही, जन्मतारीख नाही; आणि जर्मन दफ्तरखान्यात आडनावावर माणूस सापडत नाही. अमेरिकेतले डॉक्टर मायकेल गुड यांची आई या छावणीतून वाचली होती. ते १९९९ मध्ये तिच्यासोबत विल्नियसला गेले आणि त्यानंतर शोधाला लागले. वेगवेगळ्या देशांतले लोक मदतीला आले. शेवटी डार्मश्टाटमध्ये खटल्याची फाइल सापडली.

त्यापुढे याद वाशेमचा प्रश्न आला. ज्यूंना वाचवणाऱ्या परधर्मीयांना ही इस्रायली संस्था जो सन्मान देते त्याची मुख्य अट अशी की वाचवणाऱ्यानं स्वतःचा जीव किंवा स्थान धोक्यात घातलेलं असावं. प्लागेला कधी अटक झाली नाही, त्याची बढती थांबली नाही. मग धोका कुठला? मोटारखात्याला स्वस्त कामगार हवे होते एवढंच असेल तर? समितीनं दोनदा अर्ज नाकारला. मला समितीचा राग येत नाही. त्या काळात ‘मी कामगार सांभाळले’ असं म्हणणारे मालक पुष्कळ होते, आणि त्यातल्या अनेकांनी तोच कामगार थकल्यावर एस.एस.च्या हवाली केला होता. पुरावा मागणं योग्यच होतं. उत्तर मिळालं ते त्याच हजेरीपटात आणि साक्षींत: न्हावी आणि चांभार मोटारीचे कारागीर कसे झाले, बायका-मुलांना ठेवून घेण्यात लष्कराचा काय फायदा होता, आणि एस.एस.च्या अधिकाऱ्यासमोर १ जुलैला ते भाषण करायची काय गरज होती. प्लागेची १९५६ सालातली, एका ज्यू वकिलाला लिहिलेली पत्रंही पुढे आली. जुलै २००४ मध्ये तिसऱ्या वेळी सन्मान मंजूर झाला. प्लागेला मूलबाळ नव्हतं, म्हणून एप्रिल २००५ मध्ये जेरुसलेमच्या समारंभात तो त्याच्या विद्यापीठाच्या अध्यक्षांनी स्वीकारला. समोर सुबाचियस रस्त्यावरून वाचलेले लोक बसले होते. पुढच्या वर्षी डार्मश्टाटजवळच्या फुंगश्टाट इथल्या लष्करी तळाला जर्मन सैन्यानं मेजर प्लागेचं नाव दिलं.